वारा नसलेली बाजू

माझ्या बाबांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. उभी नोकरी कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये काढली, घाटात ऊनपावसात रूळ सांभाळले, पण गावात कुणी दारात येऊन शिडी मागू दे, ताडपत्री मागू दे, बाबा आतून आणून हातात देणार. वस्तू मोडून परत आली तरी हसून ठेवून घेणार. आई धुसफुसायची. मी तोंडाची फटकळ, मी सरळ सुनवायची. मग बाबा मलाच गप्प करायचे. भावकीत राहायचंय बाय, म्हणायचे, रोज एकमेकांची तोंडं बघायचीत.

आमचं घर मुरबाड-शहापूर रस्त्यापासून आत, भाताच्या गिरणीला लागून. रिटायर झाल्यावर रिक्षा घ्यायची, आसनगाव स्टेशनला लावायची, असं बाबांच्या मनात होतं. त्यासाठी घराच्या डाव्या अंगाला त्यांनी गॅरेज बांधून घेतलं. जागा एवढीशी. गवंडी हसला, म्हणाला, नथूभाऊ, रिक्षा आत जाईल, पण चालवणारा आतच राहील. रिक्षा काही आली नाही. गॅरेजात भाताच्या गोणी आल्या, जुने पत्रे आले, दगड झालेलं सिमेंट आलं, शिडी, पाण्याचा पंप, आणि कोपऱ्यात टोपलीत आईची अंड्यांवर बसलेली कोंबडी. एक गोष्ट मात्र बांधताना कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या बाजूला होती. ती आता अंगणात नाही, गॅरेजात उघडायला लागली.

बाळंतपणाला मी माहेरी आले ती याच खोलीत. मुलगी झाली. त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याला, मुकेशला, कंपनीने गुजरातला कामावर पाठवलं. त्याची मोटरसायकल नवी कोरी. टिटवाळ्याला आमच्या बिल्डिंगखाली लावली तर रात्रीतून पेट्रोल गायब होतं, आरसे गायब होतात. म्हणून तो म्हणाला, बाबांकडे ठेवतो. बाबांची छाती फुगली. जावयाने विश्वासाने वस्तू ठेवायला दिली, यापेक्षा मोठा मान तो कुठला? मुकेश जाताना एवढंच म्हणून गेला की रोज थोडा वेळ सुरू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल. सहज म्हणाला तो. बाबांनी ते वचनासारखं धरलं.

आता अडचण अशी की पौष लागला होता आणि म्हशाची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेच्या दिवसांत आमच्या गावात ज्याच्या दारात गाडी त्याच्या दारात रांग. आदल्या वर्षी माझा चुलतभाऊ मनोज बाबांची जुनी गाडी जत्रेला घेऊन गेला आणि परत आणली ती पुढचं चाक वाकडं करून. ती गाडी शेवटी भंगारातच गेली. मनोज माणूस वाईट नाही, हाकेला धावणारा आहे, पण हाताला ब्रेक नाही. आई म्हणाली, आपली गेली ती गेली, जावयाच्या गाडीला ओरखडा आला तर आपण तोंड कुठं दाखवायचं? नाही म्हणायची ताकद बाबांत नव्हती, हे तिला माहीत होतं. मग दोघांनी मिळून ठरवलं की गाडी आपल्याकडे आहे हे कुणाला कळूच द्यायचं नाही.

अर्धा गाव एका हळदीला गेला होता त्या दुपारी बाबांनी आणि मुकेशने गाडी आत घेतली. मी खिडकीतून बघत होते. सरळ ढकलली तर हँडल एका बाजूला गोणीत अडकत होतं, दुसऱ्या बाजूला शिडीत. बाबांनी जुन्या दाराची फळी काढली, तिला खालून बेअरिंगं ठोकली. गाडी त्या फळीवर चढवून मोठ्या स्टँडवर लावली. मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, फळीखाली घालून जरा उचलायची आणि आडवी सरकवायची. अशी सरकवत सरकवत गाडी माझ्या खोलीच्या भिंतीला चिकटवून ठेवली, बरोब्बर खिडकीखाली. मुकेशने दोनदा करून बघितलं, त्याला जमलं नाही. सब्बल कुठं घालायची आणि कधी सोडायची याची काहीतरी खुबी होती. बाबा खूश होऊन म्हणाले, रुळांची कामं केलेल्या माणसाच्या हातातच ते असतं.

पण भिंतीला लावलेली गाडी सुरू करता येत नव्हती, हँडल भिंतीला टेकायचं. म्हणून रोज ती मधे घ्यायला लागायची, आणि गाडी मधे आली की वाट बंद. फळी मागूनच सरकवायला लागायची, म्हणून माणूस गाडीच्या मागच्या बाजूला, शटर पुढच्या बाजूला. गाडी परत भिंतीला लावल्याशिवाय त्याला बाहेर येता यायचं नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. सकाळी गिरणी सुरू झाली की ते शटर जरासं उचलून खालून आत शिरायचे, शटर खाली ओढायचे, आतून कडी घालायचे. गिरणीच्या धडधडीत गाडीचा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही. मनोजला, शेजारीपाजारी सगळ्यांना आईने सांगून टाकलं होतं, पाव्हणे गाडी घेऊन गेले गुजरातला.

मला ऐकू यायचं. माझ्या उशाशीच होतं ते.

बाळंतिणीची खोली कशी असते ते बाईमाणसाला सांगायला नको. कानाला फडकं, अंगात स्वेटर, खाटेखाली शेगडी. दाराला आईने गोधडी टांगली होती. अंगणाकडच्या भिंतीत वर जाळी होती, तिच्यात चिंध्या कोंबल्या होत्या. वाऱ्याची झुळूक लागली तर आयुष्यभर सांधे धरतील, असं तिचं म्हणणं. पण खोलीत अगदीच कोंडायला नको, एवढं तिलाही कळत होतं. म्हणून तिने खिडकी उघडी ठेवली. ती खिडकी गॅरेजात उघडते, तिकडून वारा येत नाही, म्हणून.

पहिले काही दिवस मला नुसता वास यायचा. मग डोकं चढायला लागलं. सकाळी चांगली असायची मी, आणि गिरणीबरोबर कपाळात ठणका सुरू व्हायचा. दुपारी ठमी मला आंघोळीला न्यायची. ठमी वरच्या वाडीची, गावातल्या सगळ्या बाळंतिणी तिच्याच हातच्या. मागच्या न्हाणीत कढत पाणी अंगावर पडलं, जरा मोकळी हवा लागली, की डोकं उतरायचं. ठमी म्हणायची, माझ्या हाताचा गुण हाय. मलाही तसंच वाटायचं.

आणि पोर झोपायची. इतकी झोपायची की बघायला येणाऱ्या बाया नवल करायच्या. रडणं नाही, किरकिर नाही. गाल गुलाबी. आई कुणाला न कळता मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची आणि विहारातल्या बायांनी विचारलं तर हात मागे लपवायची. ठमी पोरीला मांडीवर घेऊन म्हणायची, किती गुणी गो, आयेला तरास नाय. मला अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू, माझी पोर इतरांच्या पोरांपेक्षा शहाणी आहे असं मला वाटायचं.

मग एका सकाळी कोंबडी मेली. बाबा गाडी बंद करून बघतात तर टोपलीत अंड्यांवर बसल्याजागी मान टाकलेली. अंगावर जखम नाही, पीस विस्कटलेलं नाही. आई म्हणाली, जनावर असणार. बाबांनी गोणी हलवल्या, पत्रे हलवले, काठी आपटली. जनावर काही सापडलं नाही. त्या दिवसापासून आई खिडकीच्या गजांना लसणाच्या पाकळ्या बांधायला लागली, साप येऊ नये म्हणून. मी खाटेवर पडून त्या पाकळ्यांकडे बघत राहायची. सापाने नाही, मुंगसाने नाही, मग कशाने? त्या चार भिंतींत कोंबडी होती, गाडी होती आणि बाबा होते. आणि खिडकीच्या अलीकडे आम्ही दोघी.

मी आईला म्हटलं, गाडी सुरू झाली की माझं डोकं दुखतं. आई म्हणाली, कानाचं फडकं सैल झालं असेल, आणि आवळून बांधलं. बाबांना खिडकीतून म्हटलं. ते बिचारे लगेच घाबरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं, आपला पांढरा रुमाल घडी करून सायलेन्सरच्या तोंडाशी धरला, बराच वेळ धरला, आणि मग गजांतून माझ्या हातात दिला.

"बघ बाय. डाग हाय कुठं? नव्या गाडीला धूरच नसतो. धूर नाय त डोकं कशानं दुखंल?"

रुमाल स्वच्छ होता. कोमट होता आणि स्वच्छ होता. माझी बारावी झाली, कल्याणला मोबाइलच्या दुकानात काउंटर सांभाळते, गिऱ्हाइकाशी भांडून जिंकते. पण तो रुमाल मी तसाच गजांतून परत दिला.

संध्याकाळी मुकेशला फोन लावला. तो म्हणाला, एवढं कशाला, बॅटरीची वायर काढून ठेवायला सांग, रोज सुरू करायची गरजच नाही. माझा जीव भांड्यात पडला. फोन तसाच बाबांकडे दिला. बाबा हो हो म्हणाले, फोन ठेवला आणि मला म्हणाले, पाव्हण्यांचा मोठेपणा, आपल्याला तरास नको म्हणून सांगतात. जावयाच्या गाडीला मी पाना लावू? उद्या काय बिघडलं त त्यांनी बोलावं का मनात ठेवावं? मी चिडले, वाट्टेल ते बोलले. बाबा ऐकून घेऊन हसले. बाळंतिणीने तापायचं नसतं म्हणाले, दूध आटतं.

मी खिडकी लावून घ्यायला लागले. आई येऊन उघडायची. पोर गुदमरंल गो, म्हणायची. पोर गुदमरेल म्हणून ती खिडकी उघडायची.

जत्रेच्या आदल्या दोन दिवसांत घरात माणसांची ये-जा खूप. बाबांना गॅरेजात शिरायला सवड मिळाली नाही. ते दोन दिवस माझं डोकं दुखलं नाही आणि पोरगी रडली. चांगली कडकडून रडली, सगळ्यांची झोपमोड केली. आई म्हणाली, नजर लागली. मी त्या रडण्याचा आवाज ऐकत पडले होते. आता मला पक्कं कळलं होतं. काय आहे ते कळलं नव्हतं, पण कुठून येतं ते कळलं होतं. मी ठरवलं, उद्या मुकेश येतोय, तो आला की गाडी बाहेर काढायला लावायची, मग जत्रेसाठी गावातल्या कुणी नेली तरी चालेल.

मुकेश येणार हे बाबांनीही ऐकलं होतं. आणि दोन दिवस गाडी सुरू केली नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. पाव्हण्यांनी बटण दाबलं की एका बोटात सुरू झाली पाहिजे, असं ते सकाळी आईला म्हणाल्याचं मी ऐकलं. आज जास्त वेळ चालू ठेवतो म्हणाले.

गिरणी सुरू झाली. शटर वाजलं, कडी वाजली. फळी सरकली आणि गाडी सुरू झाली. मी खिडकी लावली आणि पोरीला घेऊन भिंतीपासून लांब, दाराशी बसले. बाहेर जायचं तर आई आणि आज लवकर आलेली ठमी ओट्यावर, आणि अंगणात मनोजचा आवाज. तो आणि त्याचे दोन मित्र जत्रेला निघाले होते. जयभीम काकी, भाची बघायला आलो, म्हणत होता. आई त्याला म्हणत होती, आता झोपलीय ती, चहा घ्या तोवर. शटरच्या समोरच ओटा. मनोज बसलाय तोवर बाबांना शटर उघडता येणार नव्हतं.

आई चहाचं आधण ठेवायला आत आली, खिडकी बंद दिसली, आणि उघडून गेली.

मी उठून लावायला गेले, तर पाय उचलेनात. पोटऱ्यांत ताकदच नव्हती. मी ओरडले, बाबा, बंद करा. गिरणीच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. पोरीला पाजायला घेतलं, तिने तोंड लावलं नाही. गाल टिचकावले. तळव्यांवर चापट मारली. मान एका बाजूला गेली ती तशीच. ओठ लालचुटुक होते आणि अंगात काही नव्हतं. मला कोंबडी आठवली.

मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. गोधडी ओढून काढली, पोरीला छातीशी धरलं आणि ओट्यावरून थेट अंगणात उतरले. कानाचं फडकं गळ्यात आलेलं, पायात काही नाही. आई धावलीच. वारं लागंल, मेघे, वेडी झालीस काय, आत जा. मला दंडाला धरून ती मागे ओढत होती. मी तिला हिसडा दिला. आयुष्यात पहिल्यांदा आईला हिसडा दिला. आणि पोरीला उघडं करून वाऱ्यात धरलं. ठमीने काय ओळखलं कोण जाणे, तिने पोरीला उलटं करून पाठ चोळायला घेतली. मनोज आणि त्याचे मित्र कप हातात धरून उभे. बराच वेळ काही झालं नाही. मग पोरीने आचका दिला, ओकली, आणि बारीकसा आवाज काढून रडायला लागली.

मी खाली मातीत बसले आणि पोरीबरोबर रडले. आईही रडत होती आणि मला शिव्या देत होती. सगळे तिच्याकडेच बघत होते, त्या मुठीएवढ्या जिवाकडे. मला तेवढंच पाहिजे होतं. माझी पोर रडत होती, मला जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. गिरणी धापा टाकत थांबली. आळीत एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत शटरच्या मागे मोटरसायकल चालू असल्याचा आवाज सगळ्यांना आला.

मनोजने कान दिला. "काकी, गाडी कुनाची?"

"कुठली गाडी?" आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. "रस्त्यावरची आसंल कुनाची."

"आतून येतोय आवाज."

"नाय रे. आत कोंबडी मेली तवापासून आमी उघडलं पन नाय ते."

ती कशी बोलली हे मी तिच्या तोंडाकडे बघत ऐकलं. सराईतपणे बोलली. इतके दिवस बोलून बोलून ते तिच्या जिभेवर बसलं होतं. नात मरता मरता वाचलेली समोर, आणि तरी तोंडातून तेच आलं. मी विचारलं, बाबा कुठंत. ती मला डोळ्यांनी दाबत म्हणाली, बाजारात गेलेत. मग तिचा तिलाच शब्द ऐकू आल्यासारखा तिचा चेहरा बदलला.

"बाबा आत हायत," मी म्हटलं. "मनोज, शटर उचल. बाबा आत हायत रे."

मनोज आधी हसला. मग गाडी हाय त घरात, असं काहीतरी म्हणालाही. पण माझ्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. त्याने शटरवर थापा मारल्या, काका काका म्हणून हाका मारल्या. आतून ओ आली नाही. गिरणीतून पहार आणली. आतली कडी पहिल्याच दणक्यात निघाली आणि शटर वर गेलं. आतला गरम वास अंगावर आला तसे ते मागे सरले. तोंडाला गमछे बांधून परत शिरले. मनोजने वाकून चावी फिरवली आणि गाडी बंद केली.

मी अंगणातूनच बघत होते. पोरीला घेऊन जवळ जायची माझी हिंमत नव्हती. गाडी मधे उभी, आणि तिच्या मागे, चाकाच्या पलीकडे, बाबांचे पाय. पालथे पडले होते. एक हात गाडीकडे लांब केलेला. पलीकडे जायला वाट नव्हती. एका बाजूला गोणी, एका बाजूला शिडी. गाडी भिंतीकडे सरकवायची तर सब्बल बाबांच्या बाजूला पडलेली आणि ती कशी घालायची हे तिघांनाही ठाऊक नाही. म्हणून त्यांनी गाडी सरळ पुढे ओढली. बेअरिंगं अडली, गाडी फळीवरून खाली आली, हँडल फिरलं आणि गोणी आणि शिडीच्या मधे घट्ट रुतून बसलं. मनोज शिव्या घालत हिसके मारत होता. त्याचा मित्र ओरडला, मोड हँडल, तोड काय तोडायचं ते, मानूस काढ आधी. मनोजने गाडी आडवी पाडायला खांदा लावला. आरसा फुटला. अजून एक जोर लावला असता तर गाडी गोणींवर पडली असती आणि वरून जाता आलं असतं.

आई माझ्या शेजारी उभी होती. हात छातीवर, नजर आत. बाबांचे पाय तिला दिसत होते. आणि ती म्हणाली, रोजच्या आवाजात, जरासं कळवळून,

"मनोज, जपून रे. जावयाची गाडी हाय."

तिघांचे हात थांबले. मागच्या वर्षीचं चाक मनोजच्या मनात आलं असणार, दुसरं काय? त्याने खांदा काढून घेतला. एकाने मागून गाडी उचलून धरली, एकाने हँडल हळूहळू सोडवलं, टाकी शिडीला घासू नये म्हणून मनोजने मधे आपला हात धरला. तसं मागेपुढे करत करत त्यांनी गाडी बाहेर आणली. अंगणात आणून स्टँडवर उभी केली. मग आत जाऊन बाबांना उचललं.

जत्रेला निघालेल्या जीपमधून माणसं उतरवून बाबांना शहापूरला नेलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गाडीतून निघणारा विषारी वायू, तो डोळ्यांना दिसत नाही; श्वास आत्ता आत्ता थांबलाय, अगदी थोडं आधी काढलं असतं तर बघता आलं असतं. मुकेश दुपारी आला तो तिथेच. गाडी त्याने परत कधी हातात घेतली नाही, विकूनच टाकली. पोर बरी आहे. आता अंगणभर पळते, आजीच्या पदराला धरून गावभर फिरते. तिला मोठ्या डॉक्टरकडे दाखवून आणली, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले.

आई मात्र डॉक्टरांच्या त्या ‘थोडं आधी’पाशी अडकून बसली आहे. त्या दिवसाचं तिला सगळं आठवतं. मी तिला दिलेला हिसडा आठवतो, बाबा बाजारात गेलेत म्हटलेलं आठवतं, आणि त्यासाठी ती कपाळ बडवून घेते. फक्त शेवटी काय बोलली ते आठवत नाही. खरंच आठवत नाही. मनोज आठ-पंधरा दिवसांनी येऊन जातो, भाजी आणतो, गोणी उचलून देतो. तो आला की ती त्याला समोर बसवते आणि विचारते.

"मनोज, डागदर बोलला थोडं आधी. शटर त उघडलं व्हतं तुमी. मग उशीर कशानं झाला रे?"

मनोज माझ्याकडे बघतो आणि मग खाली बघतो.

"कडी निघत नव्हती काकी," तो म्हणतो. "लय घट्ट बसली व्हती."

आई माझ्याकडे वळते, खरं का म्हणून. मी हो म्हणते.